संदर्भासह स्पष्टीकरण : ‘डचेस ऑफ माल्फी’ची कथा व तिच्यावरील निवाडे

प्रश्नपत्रिकेत ‘संदर्भासह स्पष्टीकरण करा’ हा प्रश्न दिसला की विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडतो. नाटकातील पाचपंचवीस वचने त्याने पाठ केलेली असतात. कोण, कोणास, केव्हा म्हणाले एवढे दोन ओळींत लिहिले की ‘संदर्भ’ संपला आणि उरलेले पान वचनाच्या अर्थाने भरून काढावयाचे, अशी वहिवाटच पडून गेली आहे. या वहिवाटीने इतर नाटकांचे किती नुकसान होते ते असो. जॉन वेब्स्टरच्या ‘डचेस ऑफ माल्फी’चे मात्र फार होते. कारण या नाटकातील पुष्कळशी वचने नाटककाराने स्वतः रचलेली नाहीत. ती त्याने इतरांच्या ग्रंथांतून वेचली आहेत आणि वेचलेले वचन कोणाच्या तोंडी घालावयाचे, हे ठरविण्यात त्याची खरी प्रतिभा प्रकट झाली आहे. ज्या दोन ओळी आपण घाईने उरकून टाकतो, त्या दोन ओळींतच हे नाटक आहे. हे स्पष्ट होण्यासाठी या कथेचा नाटकापूर्वीचा शंभर वर्षांचा प्रवास पाहिला पाहिजे.

नाटकाचे कथानक थोडक्यात असे. माल्फीची तरुण विधवा डचेस हिने पुन्हा विवाह करू नये, असे तिचे दोघे भाऊ, जुळा बंधू फर्डिनंड आणि दुसरा कार्डिनल, तिला बजावतात. भावांची पाठ वळताच ती आपला कारभारी अँटोनिओ याच्याशी गुप्तपणे लग्न लावते. भावांनी तिच्या घरात ठेवलेला हेर बोसोला हे गुपित अखेर फोडतो. पळून जात असता ती पकडली जाते. मृताचा हात, नवऱ्याचे व मुलांचे मेणाचे पुतळे, वेड्यांचा गोंगाट अशा छळानंतर चौथ्या अंकात तिचा गळा आवळला जातो. पाचव्या अंकात फर्डिनंड वेडा होतो, बोसोलाचे मन पालटते आणि अँटोनिओ, कार्डिनल, फर्डिनंड व बोसोला हे सारे एकामागून एक मरतात.

या नाटकाला सूडाची शोकांतिका म्हणतात. हा प्रकार इंग्रजी रंगभूमीवर टॉमस किडच्या ‘स्पॅनिश ट्रॅजेडी’ने १५८७च्या सुमारास रूढ केला, आणि १६०० च्या आसपास ‘हॅम्लेट’ने त्याला अत्युच्च स्थान प्राप्त करून दिले. मराठी वाचकास या प्रकाराची ओळख प्रथम झाली तीही ‘हॅम्लेट’मुळेच, आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले, हे येथे आठवावे. या प्रकाराचा साचा ठरलेला आहे. आधी एक घोर अपराध घडतो, न्याय देणारी सत्ताच भ्रष्ट असल्याने दाद मागावयास जागा उरत नाही, आणि मग पित्याच्या किंवा पुत्राच्या हत्येचे ऋण फेडण्यासाठी नायक शस्त्र उचलतो. वेब्स्टरने हा साचा घेतला, परंतु त्यातील पहिला दुवाच काढून टाकला. फर्डिनंड आणि कार्डिनल ज्याचा सूड घेतात तो अपराध तरी कोणता? एका विधवेने आपल्या पसंतीच्या पुरुषाशी लग्न केले, एवढाच. अपराधावाचून सूड असे हे विपरीत कथानक आहे. म्हणून ‘डचेसचे काही चुकले काय?’ हा प्रश्न नाटकाला पहिल्या अंकापासून चिकटून राहतो. हा प्रश्न मात्र वेब्स्टरने निर्माण केलेला नाही. तो इटलीतील एका प्रत्यक्ष घटनेतून आलेला आहे.

नेपल्सचा राजा फेर्रांते याला एक अनौरस पुत्र होता. त्याची कन्या जोव्हान्ना द आरागोना. १४९० मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, तिचा विवाह पिकोलोमिनी घराण्यातील अल्फोन्सोशी झाला. दुसरे पोप पायस हे याच घराण्यातले. अल्फोन्सो पुढे अमाल्फीचा ड्यूक झाला आणि १४९८ मध्ये मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर जोव्हान्नाला पुत्र झाला आणि त्या बालकाच्या नावाने विशीतील ही विधवा अमाल्फीचा कारभार पाहू लागली. तिचा भाऊ लुईजी हा चर्चचा कार्डिनल होता. तिच्या पदरी अँटोनिओ बोलोन्या नावाचा एक गृहस्थ कारभारी म्हणून आला. नेपल्सचा पदच्युत राजा फेदेरिको फ्रान्समध्ये परागंदा असता त्याच्या चाकरीत राहिलेला हा निष्ठावंत मनुष्य होता. या दोघांनी गुप्तपणे लग्न केले आणि काही वर्षे ते गुप्त राखले. मुले झाल्यावर मात्र कुजबूज सुरू झाली.

१५१० च्या नोव्हेंबरात जोव्हान्ना लोरेतोच्या यात्रेच्या निमित्ताने मोठ्या लवाजम्यासह अमाल्फीहून निघाली आणि अंकोना येथे अँटोनिओला जाऊन मिळाली. तेथे तिने आपल्या सेवकांसमोर हा आपला पती असल्याचे उघड केले. लवाजमा तिला सोडून परतला. कार्डिनलच्या दडपणामुळे त्या कुटुंबाला अंकोना सोडावे लागले आणि पुढे सिएनाही. व्हेनिसकडे जात असता वाटेत भावांच्या घोडेस्वारांनी त्यांना गाठले. अँटोनिओ थोरल्या मुलाला घेऊन निसटला. जोव्हान्ना, दोन मुले आणि एक दासी यांना अमाल्फीच्या गढीत नेण्यात आले. त्यानंतर त्यांना पुन्हा कोणी जिवंत पाहिले नाही. ऑक्टोबर १५१३ मध्ये अँटोनिओचाही मिलान येथे मारेकऱ्यांकरवी खून झाला. त्या मारेकऱ्यांच्या म्होरक्याचे नाव डानिएले दा बोत्सोलो असे होते.

कार्डिनल लुईजीच्या पुढील आयुष्यावर या प्रकरणाची छाया पडलेली दिसत नाही. १५१७ मध्ये तो जर्मनी, नेदरलँड्स व फ्रान्स या देशांच्या मोठ्या प्रवासास निघाला. त्याचा चिटणीस अँटोनिओ दे बेआतिस याने त्या प्रवासाची रोजनिशी लिहून ठेवली आहे. त्या ऑक्टोबरात कार्डिनल आँब्वाज येथे वृद्ध लिओनार्दो दा विंचीच्या भेटीस गेला होता. परतीच्या वाटेवर मिलानला सान्ता मारिआ देल्ले ग्रात्सिए या मठातील ‘अंतिम भोजना’चे भित्तिचित्रही त्याने पाहिले. ज्या नगरात चारच वर्षांपूर्वी आपल्या मेहुण्याचे रक्त सांडले, त्याच नगरात तो सुसंस्कृत धर्माधिकारी चित्राच्या उडू लागलेल्या रंगांकडे पाहत उभा होता. १५१९ मध्ये रोम येथे तो निवर्तला. चित्रकाराची भेट लिहून ठेवणारा चिटणीस त्याला मिळाला. गढीत गेलेल्या बहिणीचे अखेरचे दिवस लिहून ठेवणारा मात्र कोणी नव्हता.

या मौनाला पहिला शब्द दिला तो मातेओ बांडेल्लो याने. बांडेल्लो डोमिनिकन भिक्षू असून मिलानच्या त्याच मठाशी त्याचा संबंध होता. १५५४ मध्ये त्याचा कथासंग्रह प्रसिद्ध झाला व त्यात ही कथा आली. कथेत अँटोनिओला सावध करणारा डेलिओ नावाचा एक मित्र आहे. ‘डेलिओ’ हे बांडेल्लोने स्वतः काव्यात घेतलेले नाव होय. त्याच्या कथनात भावांच्या क्रौर्याविषयीची नापसंती लपत नाही. पुढे ही कथा फ्रेंचमध्ये फ्रांस्वा द बेलफोरे याच्या हाती आली. त्याने ती बरीच लांबविली आणि लांबविताना तिच्यात उपदेशाची भर घातली. उच्च कुळातील स्त्रीने वासनेला वश होऊन चाकराशी संबंध जोडला, तर त्याचे फळ असेच मिळावयाचे, असा तो सूर आहे. भावांच्या निर्दयपणाचा निषेध त्याने केला, परंतु दोषारोपाची सुरुवात डचेसपासून केली. १५६७ मध्ये विल्यम पेंटरने ‘पॅलेस ऑफ प्लेझर’ या संग्रहाच्या दुसऱ्या भागात हीच फ्रेंच कथा, तिच्यातील प्रवचनासह, इंग्रजीत आणली. अशा रीतीने जोव्हान्ना इंग्लंडला पोचली ती एका धड्याच्या रूपाने. पन्नाससाठ वर्षांत घटनेची गोष्ट झाली आणि गोष्टीचा दृष्टांत झाला. तिचे दुःख क्रमाने झिजत गेले आणि तिच्यावरील निवाडा तेवढा वाढत गेला.

वेब्स्टरने ही कथा पेंटरच्या पुस्तकातून घेतली. लंडनमध्ये गाड्या बांधण्याचा धंदा करणाऱ्या एका सधन गृहस्थाचा हा मुलगा. १६१२ मध्ये त्याचे ‘व्हाइट डेव्हिल’ छापून निघाले, तेही इटलीतील एका खऱ्या हत्येवर आधारलेले होते. रंगभूमीवर ते पडले. प्रस्तावनेत त्याने हिवाळ्याला, अंधाऱ्या नाट्यगृहाला आणि जाणकार प्रेक्षकांच्या अभावाला दोष दिला, व आपण सावकाश लिहितो हेही मान्य केले. त्याच्या संथपणाचे कारण त्याच्या लेखनपद्धतीत सापडते. त्या काळच्या शिक्षणात विद्यार्थ्याने वाचनात आलेली सुवचने विषयवार वहीत उतरून ठेवावीत, असा परिपाठ होता. वेब्स्टरने हा परिपाठ आयुष्यभर पाळला असे दिसते. आर. डब्ल्यू. डेंट यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याच्या उसनवारीचा ओळीओळीने माग काढला आहे. सिडनीची ‘आर्केडिया’, फ्लोरिओने १६०३ मध्ये इंग्रजीत आणलेले माँतेन्यचे निबंध आणि इतर कित्येक ग्रंथ यांतील वाक्ये किंचित फिरवून त्याने आपल्या नाटकांत बसविली आहेत.

आपल्याकडे सुभाषितसंग्रहांची परंपरा मोठी असल्याने आपणांस यात नवल वाटावयास नको. कीर्तनकार दुसऱ्याचे वचन घेतो तेव्हा त्यास कोणी वाङ्मयचौर्य म्हणत नाही. ते वचन कोणत्या आख्यानात, कोणत्या क्षणी ठेवले, यावर त्याची परीक्षा होते. वेब्स्टरचीही परीक्षा अशीच केली पाहिजे.

ही परीक्षा पहिल्याच अंकात घेता येते. दोघे भाऊ डचेसला वैधव्याचा उपदेश करतात तो प्रसंग पाहावा. एकाचे वाक्य संपते तोच दुसऱ्याचे सुरू होते. सारी वाक्ये घोटीव आहेत आणि वहीत उतरून घ्यावीत अशी आहेत. पुन्हा लग्न करणाऱ्या विधवांविषयी त्या काळच्या नीतिग्रंथांत जे काही आढळते ते सर्व येथे आहे. पेंटरच्या निवेदकाने स्वतःच्या अधिकाराने सांगितलेली मते वेब्स्टरने अशी उचलली आणि पुढे खुनी ठरणाऱ्या दोन माणसांच्या जिभेवर ठेवली. त्यावर डचेस जे उत्तर देते ते फार मार्मिक आहे. भाषण इतके सफाईदार उतरले त्या अर्थी तुम्ही दोघांनी ते आधी पाठ केले असले पाहिजे, अशा अर्थाचा टोला ती मारते. सुवचनांच्या या नाटकात सुवचनाचा खोटेपणा सर्वांत आधी ओळखते ती नायिका. विद्यार्थी जेव्हा भावांची ही वाक्ये ‘नाटकातील विधवाविषयक विचार’ म्हणून लिहितो, तेव्हा डचेसने हसून उडविलेले पाठांतरच तो पुन्हा पाठ करीत असतो.

तोच दोषारोप सौम्य रूपात आणखी दोन ठिकाणी येतो. पहिल्या अंकाच्या शेवटी दासी कारिओला डचेसच्या धाडसाला एक प्रकारचे वेड समजते, परंतु त्याच श्वासात तिची कीवही करते. पुढे लोरेतोच्या देवस्थानात कार्डिनल धर्मवस्त्रे उतरवून सैनिकाचा वेष धारण करतो आणि बहिणीच्या कुटुंबाला हद्दपार करवितो. हे पाहणारे दोन निनावी यात्रेकरू आपसांत बोलतात. एवढ्या थोर स्त्रीने इतक्या सामान्य मनुष्याशी लग्न करावे याचे त्यांना आश्चर्य वाटते, परंतु कार्डिनलचे वर्तन फाजील क्रूर आहे असेही त्यांना वाटते. बेलफोरेच्या निवाड्यातील दोन्ही अंगे येथे आहेत. मात्र आता तो वाटेवरच्या माणसांचा तर्क झाला आहे. ग्रंथकाराची गादी त्याला उरलेली नाही.

मराठी वाचकाने येथे एका मोहापासून सावध राहावे. विधवेचा पुनर्विवाह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १८५६ चा कायदा आणि त्यानंतरचे दीर्घ वाद उभे राहतात. मग फर्डिनंड आपणांस एखाद्या कर्मठ शास्त्र्यासारखा भासू लागतो. वस्तुस्थिती तशी नाही. ख्रिस्ती धर्माने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिलेली होती. दोघांनी वर्तमानकाळी शब्दांत परस्परांचा स्वीकार केला की धर्माधिकाऱ्यावाचूनही तो विवाह बंधनकारक होई. कॅथलिक देशांत ही स्थिती १५६३ च्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेपर्यंत आणि इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्यापर्यंत टिकली. डचेस आणि अँटोनिओ दासीच्या साक्षीने असाच विवाह करतात. भावांच्या रोषाचे मूळ कुलाभिमानात आहे, संपत्तीत आहे आणि फर्डिनंडच्या ठिकाणी तर बहिणीविषयीच्या एका विकृत आसक्तीत आहे. तिच्या मृत्यूनंतर तो कारण शोधू लागतो. ती विधवाच राहती तर अपार द्रव्य हाती येण्याची आशा होती, असे काहीसे सांगतो. त्याचे त्यालाच ते पटत नाही. वचनांची त्याला एवढी हौस, परंतु आपल्या कृत्याला शोभेल असे एकही वचन त्याला सापडत नाही.

लंडनच्या प्रेक्षकांना हा विषय केवळ इटलीतला वाटला असेल असेही नाही. जेम्स राजाची चुलत बहीण आर्बेला स्ट्युअर्ट हिने राजाच्या संमतीवाचून १६१० मध्ये विल्यम सेमूरशी गुप्तपणे लग्न केले. १६११ मध्ये पुरुषवेषात पळून जात असता ती समुद्रात पकडली गेली. ‘डचेस ऑफ माल्फी’ १६१४ संपण्यापूर्वी रंगभूमीवर आले, कारण अँटोनिओची भूमिका करणारा विल्यम ऑस्टलर त्या डिसेंबरात वारला. तेव्हा आर्बेला लंडनच्या टॉवरमध्ये बंदिवासात होती. १६१५ मध्ये ती तेथेच मरण पावली. वेब्स्टरने तिला उद्देशूनच लिहिले, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु नाटक पाहून परतणाऱ्या प्रेक्षकाला टॉवरच्या भिंती परक्या नव्हत्या.

आता बोसोलाकडे वळू. पेंटरच्या कथेत तो शेवटी येऊन खून करणारा एक भाडोत्री, यापलीकडे काही नाही. वेब्स्टरने त्याला नाटकाचा कणा बनविले. कार्डिनलसाठी पूर्वी खून करून त्याने गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा भोगली आहे. विद्वत्ता आहे, शौर्यही आहे, पण कदर नाही, म्हणून तो कडवट झाला आहे. नाटकातील सर्वांत जास्त सुवचने त्याच्याच तोंडी आहेत, आणि परीक्षेतील उतारेही बहुधा त्याच्याच भाषणांतून निवडलेले असतात. वैभवाला काजव्याची उपमा देणारे त्याचे सुभाषित सर्वांस परिचित आहे. हेच सुभाषित ‘व्हाइट डेव्हिल’मध्ये फ्लामिनेओच्या तोंडी जवळजवळ जसेच्या तसे येऊन गेले आहे. तोही असाच शिकलेला, असाच दुसऱ्याच्या पापावर पोट भरणारा. वेब्स्टरच्या जगात नश्वरतेचे तत्त्वज्ञान अशा माणसांना आधी सुचते, कारण तत्त्वज्ञान हे त्यांचे पाप करीत राहण्याचे निमित्त असते. सारेच नश्वर असेल तर आपण केलेल्या खुनाला तरी काय महत्त्व, असा तो छुपा युक्तिवाद आहे.

चौथ्या अंकात हा युक्तिवाद डचेसवर चालवून पाहिला जातो. बोसोला म्हाताऱ्याच्या वेषात, थडगी बांधणारा म्हणून येतो आणि देहाच्या क्षुद्रतेवर बोलू लागतो. हे भाषण ऐकून ती खचेल, आपण कोण हे विसरेल, अशी अपेक्षा असते. तिचे उत्तर चारपाच शब्दांचे आहे. त्यात उपमा नाही, दृष्टांत नाही. ती केवळ आपले पद उच्चारते आणि ते अद्याप तिचेच असल्याचे सांगते. हे वचन सर्वांना पाठ असते, आणि त्याचे स्पष्टीकरण ‘राजकुळाचा अभिमान’ असे केले जाते. संदर्भ पाहिला तर अर्थ निराळा लागतो. या नाटकात तिला दुसरे नावच नाही. जोव्हान्ना हे नाव वेब्स्टरने कोठेही वापरलेले नाही. भावांनी तिचे राज्य, पती, मुले, शांतता ही सर्व हिरावून घेतली आहेत. नाव म्हणून तिच्याजवळ उरले आहे ते एवढेच. इतरांच्या वचनांचा मारा सहन केल्यावर तिने स्वतःविषयी उच्चारलेले हे पहिले निखळ विधान आहे, आणि ते कोणत्याही वहीतून आलेले वाटत नाही.

त्याहून अधिक मोलाची वाक्ये थोडी पुढे आहेत. उताऱ्यांच्या यादीत ती क्वचितच दिसतात. गळा आवळणारे समोर उभे असता ती कारिओलाला निरवानिरव सांगते. धाकट्याला पडसे झाले आहे, त्याला औषधाचे पाक द्यावयाचे; मुलीने झोपण्यापूर्वी प्रार्थना म्हणावयाची. बस्स. घरोघरी संध्याकाळी होणारी ही बोलणी आहेत. मृत्यूविषयी अंकभर जी भव्य भाषणे झाली, ती सर्व या पडशाच्या औषधापुढे फिकी पडतात. मृताचा हात, मेणाचे पुतळे, वेड्यांचा नाच ही सारी भर वेब्स्टरची आहे आणि ती भयानक आहे. परंतु ज्या आईला मृत्यूच्या दारातही मुलाचे पडसे आठवते, तिच्यावर त्या भयाची मात्रा चालत नाही. पेंटरच्या पुस्तकातील उपदेशाला वेब्स्टरने दिलेले उत्तर जर कोठे असेल, तर ते येथे आहे. वासनेने अंध झालेल्या स्त्रीचे चित्र या एका वाक्यासमोर टिकत नाही. बोसोलाचे पालटणेही येथूनच सुरू होते. डचेसला मरताना पाहिल्यावर त्याला आपल्या सुभाषितांचा आधार पुरत नाही.

पाचव्या अंकावर जुने टीकाकार रुष्ट आहेत. नायिका चौथ्या अंकात मेल्यावर नाटक पुढे कशाला रेटले, असा त्यांचा आक्षेप. विल्यम आर्चरने १९२३ मध्ये ‘द ओल्ड ड्रामा अँड द न्यू’ या ग्रंथात अशा नाटकांच्या शिथिल बांधणीवर कठोर टीका केली. रचनेच्या दृष्टीने तीत तथ्य आहे. परंतु सूडाच्या शोकांतिकेत सूड पुरा झाल्यावर पडदा पडतो, आणि येथे सूड तर चौथ्या अंकातच पुरा झाला. पाचवा अंक सूड घेतल्यावर काय उरते ते दाखवितो. फर्डिनंडला आपण लांडगा झालो असा भ्रम होतो व तो रात्री थडगी उकरीत हिंडतो. कार्डिनलच्या प्रार्थना आटतात. बोसोला न्याय करावयास निघतो आणि अंधारात ज्याला वाचवावयाचे त्या अँटोनिओलाच ठार करतो. त्या वेळी मनुष्याला दैवाच्या हातचा चेंडू मानणारा जो विचार तो उच्चारतो, तोही मूळ सिडनीचा. तो वेब्स्टरचे जीवनविषयक सूत्र म्हणून उद्धृत केला जातो. चुकीच्या माणसावर वार केलेल्या मारेकऱ्याला दैवाची आठवण व्हावी यात नवल नाही. पण डचेसने दैवावर काही ढकलले नव्हते, हे विसरून ते सूत्र स्वीकारता येत नाही.

शेवटचे वचन डेलिओचे. निष्कलंक जीवन मृत्यूनंतरही कीर्तिरूपाने उरते, अशा आशयाने तो नाटक संपवितो आणि अँटोनिओचा वाचलेला मुलगा पुढे करून आईच्या हक्काने त्याची स्थापना करू पाहतो. डेलिओ म्हणजे मुळात बांडेल्लो, ही कथा प्रथम सांगणारा, हे लक्षात घेतले की या समारोपाला एक वेगळीच करुण छटा येते. इतिहासात असे काही घडले नाही. अमाल्फीची गादी पिकोलोमिनी पित्याच्या पुत्राकडेच राहिली. कथा सांगणाऱ्याला राज्य देता येत नाही. कीर्ती मात्र देता येते, आणि ती त्याने दिली.

वचने आणि वक्ता यांची फारकत किती घातक ठरू शकते, याचा पुरावा स्वतः वेब्स्टरच्या लेखणीतूनच मिळतो. ओव्हरबरीच्या नावावर निघालेल्या स्वभावचित्रांच्या संग्रहात १६१५ मध्ये जी भर पडली, तीतील बरीच चित्रे वेब्स्टरची मानली जातात. त्यांत ‘सद्गुणी विधवा’ असे एक चित्र आहे, आणि ही सद्गुणी विधवा पुन्हा विवाह करीत नाही. ज्याने आदल्याच वर्षी डचेस उभी केली त्याचेच हे लेखन! तेवढेच हाती असते, तर आपण वेब्स्टरला फर्डिनंडच्या बाजूचा ठरविले असते. रूढ मते मांडणारे सुबक वाक्य तो हवे तेव्हा लिहू शके. रंगभूमीवर ते वाक्य माणसाच्या तोंडी घालावे लागे, आणि मग त्याची खरी किंमत कळे.

पुढे या नाटकाचे नशीबही वचनांच्याच वाटेने गेले. १६२३ मध्ये ते छापले गेले, तेव्हा पात्रांसमोर नटांची नावे देण्याची दुर्मिळ गोष्ट त्यात घडली. रिचर्ड बर्बेज फर्डिनंड, हेन्री काँडेल कार्डिनल, जॉन लोविन बोसोला आणि डचेसच्या भूमिकेत रिचर्ड शार्प हा तरुण. याच काँडेलने हेमिंग्जच्या साहाय्याने त्याच वर्षी शेक्सपिअरची नाटके एकत्र प्रसिद्ध केली. पुढे दीर्घकाळ विस्मृतीत गेलेल्या वेब्स्टरला १८०८ मध्ये चार्ल्स लँबने वाचकांसमोर पुन्हा आणले ते उताऱ्यांच्या संग्रहातून. लँबचे उपकार मोठे आहेत. तथापि वक्त्यापासून सुटलेले वचन वाचण्याची सवय त्यामुळे अधिकच रुजली, हेही खरे. रंगभूमीने मात्र पुनःपुन्हा ते वचन माणसाकडे परत नेले. १९४५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात पेगी अ‍ॅशक्रॉफ्टने डचेस व जॉन गिलगुडने फर्डिनंड उभा केला. त्याच दिवसांत नाझी छळछावण्यांची वृत्ते व छायाचित्रे लोकांसमोर येत होती. बंदिवासातील स्त्रीच्या छळाला त्यानंतर कोणी नुसते बटबटीत नाट्य म्हणून हसू शकले नाही.

अध्यापकबंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते की हे नाटक शिकविताना उत्ताऱ्यांची यादी फळ्यावर लिहावी, पण प्रत्येक उताऱ्यापुढे प्रथम तीन प्रश्न लिहावेत. हे वाक्य पूर्वी कोणाचे होते? आता ते कोणाच्या तोंडी आहे? ते ऐकणारा त्या वाक्याचे काय करतो? पहिल्या प्रश्नाने इतिहास येईल, दुसऱ्याने पात्र आणि तिसऱ्याने नाटकाचा आशय. मग पानभर स्पष्टीकरण कोठून आणावे, ही चिंता विद्यार्थ्याला उरणार नाही.

अमाल्फीच्या गढीचे दार १५११ च्या सुमारास मिटले आणि आत काय झाले ते कोणी लिहून ठेवले नाही. बाहेर मात्र निवाडे भराभर लिहिले गेले. शंभर वर्षांनी लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहात, मेणबत्त्यांच्या उजेडात, एका कारागिराच्या मुलाने ते दार उघडले. आत एक स्त्री दासीला मुलाच्या पडशाचे औषध सांगत होती. तिचे ते बोलणे प्रश्नपत्रिकेत कधी आले, तर विद्यार्थ्याने संदर्भाला दोन ओळी न देता पूर्ण पान द्यावे.